भडकल दरवाजापाशी थोडं थांबा

मैत्रिणींनो, छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या तोंडात बसलेल्या औरंगाबादला जायचं ठरलं की पाहण्याची यादी घरातून निघतानाच तयार असते. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि येताना एखादी हिमरू शाल! या यादीत मी एका ठिकाणाची भर घालणार आहे. त्याला तिकीट नाही की चढण नाही, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळही लागत नाही. ते ठिकाण म्हणजे टाऊन हॉलजवळचा भडकल दरवाजा.

हे शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. आज त्यातले मोजकेच उभे आहेत. पैठण दरवाजापाशी बाजार इतका भरलेला असतो की साड्यांच्या दुकानांतून मान वर करायला सवडच मिळत नाही. दिल्ली दरवाजा ऐटदार आहे, पण तिथेही वाहनांची वर्दळ. भडकलचं तसं नाही. रहदारी त्याला वळसा घालून निघून जाते आणि तो आपला मध्ये शांत उभा असतो. पाहुणे पाणचक्कीला जाताना रिक्षातूनच त्याच्याकडे बघतात आणि पुढे जातात.

तुम्ही मात्र उतराच. समोर उभं राहिलं की ती उंच, टोकदार कमान पाहताना मान अवघडते. दगड-चुन्याच्या त्या जाड भिंती आणि वरचं घुमटाकार छत पाहून वाटतं, हे काही नुसतं येण्या-जाण्यासाठी बांधलेलं नाही. आणि ते खरंच आहे. शहराभोवतीचा तट औरंगजेबाने १६८२ मध्ये बांधला. हा दरवाजा त्याच्याही सत्तर वर्षं आधीचा, १६१२ चा. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो उभारला. त्याच मोगलांचं शहर पुढे याच दरवाजाभोवती वाढलं, ही इतिहासाची गंमत!

मलिक अंबर हे नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. मी स्वतः मुलांना इतिहास शिकवते. गनिमी कावा आणि जमीन महसुलाची पद्धत, एवढ्यावर पुस्तकातला मलिक अंबर संपतो. पण त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याचा जन्म आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एकदा नव्हे, हातोहात. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि ‘अंबर’ हे नाव दिलं. शेवटी तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही मूळचा हबशीच. तो वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला गुलामीतून मोकळं केलं, असं इतिहासकार सांगतात.

इथे मी नेहमी थबकते. पुढे हाच माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. जहांगीर बादशहाला तो कधीच हाती लागला नाही. मग बादशहाने काय करावं? अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रच काढून घेतलं! पण या सगळ्याच्या मुळाशी एका विधवेने घेतलेला निर्णय आहे. इतिहासात ती येते चंगेजखानाची बायको म्हणून, आणि तेही एखाद्या ओळीपुरती. तिने त्याला मोकळं केलं नसतं, तर ही कमान इथे असती का?

मलिक अंबरने केलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पाणी. डोंगराकडचं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या आधारावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. नळाला पाणी कधी येतं म्हणून पहाटे उठून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. विजयाची कमान सगळ्यांना दिसते. नहर जमिनीखाली गेली आणि विस्मरणातही.

दरवाजाच्या परिसरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला इथे माणसांचा सागर लोटतो, तेव्हा ही जागा मुळीच शांत नसते. एकेकाळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसाची कमान, आणि माणसाला माणूस म्हणून जगता यावं यासाठी झगडलेल्या बाबासाहेबांचा पुतळा! दोन्ही इतकी जवळ आहेत, हे कुणी मुद्दाम जुळवून आणलेलं नसेल. पण मुलांना दाखवावं असं मात्र आहे. माणसाची किंमत कोण ठरवतं, हे वर्गात तासभर बोलून जितकं कळत नाही तितकं इथे उभं राहून कळतं.

आता थोडं सोयीचं. सकाळी आठच्या आत जा. ऊन चढलं की दगड तापतो. लहान मुलं बरोबर असतील तर रस्ता ओलांडताना त्यांचा हात सोडू नका. पाणचक्की इथून जवळच आहे, तिथलं वाहतं पाणी बघून मुलं खूश होतात. वेरूळला जाणार असाल तर वाटेत खुलताबाद लागतं. १६२६ मध्ये वारलेल्या मलिक अंबरची कबर तिथे आहे. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणारे बरेच असतात, तुम्ही इकडेही दोन पावलं वळा. आणि हो, भिंतीवर खडूने नाव लिहिणारी मुलं दिसली तर ती कुणाचीही असोत, त्यांना हटकायला संकोचू नका. बावन्नांतले मोजकेच उरलेत, ते आपण सांभाळायचे नाहीत तर कुणी?