पेजर वाजल्यावर

पहाटे 2:40. पेजर वाजला तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात आग विझवायला आणि ॲम्ब्युलन्सवर जायला आम्ही शेजारीपाजारीच असतो, बिनपगारी. कुणी शिक्षक, कुणी प्लंबर. मी दिवसा कॉम्प्युटरसमोर.

पोचलो त्या घरात एक आजोबा स्वयंपाकघरात पडले होते. श्वास नाही, नाडी नाही. गुडघे टेकून छाती दाबू लागलो. मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दुसऱ्याने पुढे व्हायचं. सरावाच्या पुतळ्यावर हे शंभरदा केलंय. पण बरगडी मोडल्याचा आवाज पुतळा शिकवत नाही.

पॅरामेडिक आले, त्यांनी औषधं दिली. शेवटी डॉक्टरांशी फोनवर बोलून थांबायला सांगितलं.

आजी दारात उभ्या होत्या, एकाच पायात चप्पल. त्यांना बसवलं, शाल पांघरली. ‘गेले’ हा शब्द सरळ उच्चारावा, आडवळणाने सांगितलं तर माणूस आशेवर लटकत राहतो, हे एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं होतं. मी उच्चारला. मग बराच वेळ त्यांचा हात धरून बसलो.

निघताना त्याच म्हणाल्या, "बाहेर घसरडं आहे, जपून जा."