रिंग नसलेलं कोर्ट

आमच्या लेडीज होस्टेलच्या मागे एक बास्केटबॉल कोर्ट आहे. 'आहे' म्हणणं जरा धाडसाचंच! एका खांबावर बोर्डच नाही, दुसऱ्यावर बोर्ड आहे पण रिंग नाही. दोन्ही खांबांना एक नायलॉनची दोरी बांधलेली. इतकी लांब दोरी अख्ख्या कॅम्पसमध्ये दुसरी नसेल. फर्स्ट इयरपासून फायनल इयरपर्यंत सगळ्यांचे कपडे तिच्यावर वाळतात. माझेही. फक्त चादर टाकताना मी त्या बोर्डाकडे बघायचं टाळायचे. कारण नववीपर्यंत मी बास्केटबॉल खेळायचे.

आमचं घर लालबागचं. आजोबा गिरणीत, पप्पा गल्लीच्या मंडळाकडून कबड्डी खेळलेले. मला मात्र घातलं कॉन्व्हेंटमध्ये, आणि तिथे कबड्डी नव्हती, बास्केटबॉल होता. यामागचं गणित सोपं आहे. मुंबईत जागा नाही. कबड्डीला 13 बाय 10 मीटर पुरतात, म्हणजे दोन चाळींच्या मधली जागा. बास्केटबॉलला 28 बाय 15, म्हणजे शाळेचं अंगण. मुळात हा खेळच 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी शोधला तो थंडीत पोरांना छपराखाली खेळता यावं म्हणून. ते वायएमसीएच्या संस्थेत शिकवत होते, आणि वायएमसीएमार्फतच हा खेळ आपल्याकडे आला. भायखळ्यापलीकडच्या नागपाड्यात तर तो असा मुरला की तिथले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कॅप्टन झाले आणि त्यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता मुख्य गोष्ट. 4 ऑक्टोबर 2019, वरळीचा एनएससीआय डोम. भारतातली पहिली एनबीए मॅच, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणून फक्त शाळकरी मुलं, सत्तरएक शाळांमधली सुमारे तीन हजार. त्यात आमची टीमही होती. कोणाच्या बाजूने ओरडायचं ते कळेना, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी ओरडलो. मॅच ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि पेसर्स 132-131 ने जिंकले. घसा पार बसला होता.

बाहेर पप्पा न्यायला आले होते.
"कोण जिंकलं गं?"
"पेसर्स. एका पॉइंटने."
"एका पॉइंटने? मग हे कबड्डीसारखंच की!"

टॅक्सीत त्यांनी सांगितलं की 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डीची पहिली मॅच याच डोममध्ये झाली होती, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मी विचारलं, "मग बास्केटबॉलची लीग कधी?" पप्पा म्हणाले, "होईल, होईल."

मला तेव्हा माहीत नव्हतं की ती होऊन गेली होती! 2015 ते 2017 यूबीए नावाची लीग चालली. तिच्यात मुंबई चॅलेंजर्स नावाचा संघही होता. आमच्या शाळेत कोणाला त्याचा पत्ताच नव्हता. पुढे 2022 मध्ये आयएनबीएल आली, मुंबई टायटन्स आले. 2025 च्या सुरुवातीला तिचीच पंचविशीच्या आतल्या खेळाडूंची स्पर्धा झाली. नाव मुंबईचं, पण सामने दिल्लीत.

कबड्डीची लीग टिकली आणि आमची का धडपडते, यावर मी व्हायव्हाच्या आदल्या रात्रीसुद्धा विचार केलाय. मला वाटतं, कबड्डीच्या लीगखाली पाया होता. लालबाग-परळच्या गल्ल्या, गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे संघ, आणि रात्री बल्बच्या उजेडात सामने बघणारी माणसं. टीव्ही नंतर आला. बास्केटबॉलमध्ये नागपाड्यासारखी बेटं आहेत, पण मधलं पाणी फार. लीग बंद पडली की खेळाडूला उरते ती स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी. मुलींना तर पूर्वीपासून रेल्वे हीच लीग. वुमेन्स एनबीएच्या निवड चाचणीपर्यंत पोचलेली गीतू अ‍ॅना जोसही रेल्वेचीच.

आमची शाळेची कॅप्टन तोच रस्ता धरून आहे. पहाटे पाचला उठते. रेल्वेची ट्रायल दोनदा हुकली, तिसऱ्यांदा देणार आहे. आणि मी? मार्च 2020 मध्ये शाळेच्या कोर्टला कुलूप लागलं. ते उघडलं तोवर मी सीईटीच्या क्लासला जात होते. मला कोणी थांबवलं नाही. मीच परत गेले नाही. सगळ्यांना "लॉकडाऊनमुळे सुटलं" असं सांगते, ते अर्धंच खरं.

त्या किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, एमआयटीत शिकलेले इंजिनियर. स्वतः कधी बास्केटबॉल न खेळलेल्या या माणसाने आपल्या मुलीच्या टीमला कोचिंग केलं. हे वाचलं त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी तर खेळलेली होते!

गेल्या महिन्यात रिंगसाठी अर्ज दिला. उत्तर आलं, "मग कपडे कुठे वाळत घालणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही चौघींनी दोरी मेसच्या मागे हलवली. (ज्यांच्या चादरी हरवल्या त्यांची माफी!) वर्कशॉपच्या मामांनी सळई वाकवून, वेल्ड करून दिली. आतला व्यास 45 सेंटीमीटर. फिटर जॉबमध्ये एवढी अचूकता मी कधी दाखवली नव्हती.

पहिला शॉट मी मारला. बोर्डालाही लागला नाही.

रात्री कॅप्टनला फोन केला. म्हटलं, रिंग लावली. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "उंची मोजलीस ना नीट? तीन मीटर पाच."

मोजली होती. एका बाजूने दोन सेंटीमीटर कमी भरते. रविवारी सरळ करणार आहोत. सकाळी सहा वाजता, येताना पाना घेऊन या.