बदलायलाच पाहिजे का?

थोडं लांब लिहितोय, पण गाडी असणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून वाचा.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला कोल्हापूरकडे परत येत होतो. एका गावाच्या वेशीवर नवा स्पीडब्रेकर झालाय. पांढरे पट्टे नाहीत, बोर्ड नाही, दिवा नाही. दिसला तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या बंपरची खालची कड त्यावर अडकली आणि चाकाजवळ चांगला वीतभर फाटला. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

आधी घरीच प्रयोग केला. झटपट चिकटणारा डिंक लावून वरून टेप मारली. दुसऱ्या दिवशी उन्हात डिंकाचा पापुद्रा सुटून हातात आला.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने गाडीकडे दोन मिनिटंही पाहिलं नसेल. एस्टिमेट हातात दिलं: बंपर ८,२००, ग्रिल आणि क्लिपा १,८००, रंगकाम ५,६००, मजुरी २,८००. एकूण १८,४०० रुपये. मी विचारलं, "दुरुस्त नाही होणार का?" तो म्हणाला, "सर, प्लॅस्टिक रिपेअर होत नाही. बदलायलाच लागतं. आणि इन्शुरन्स आहे की तुमचा, काळजी कशाला?"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सही करायला पेन हातात घेतलं होतं, पण मुलीच्या क्लासची फी त्याच आठवड्यात भरायची होती, म्हणून आधी हिशोब मांडला. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपर, ग्रिल मिळून १० हजारांतले ५ हजार माझेच. वर सक्तीची १ हजाराची कपात. आणि खरी मेख पुढे आहे. पाच वर्षं एकही क्लेम केला नाही म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मला ५० टक्के सूट मिळते. हा एक क्लेम केला की ती सूट गेली. पुढच्या वर्षी हप्त्याचा तेवढा भाग सरळ दुप्पट. 'फुकट' बंपर असा असतो.

पेन खाली ठेवलं आणि उद्यमनगर गाठलं.

उद्यमनगरात एका बोळात पत्र्याच्या शेडमध्ये एक मामा बसतात. साठीच्या पुढचे असतील. त्यांनी बंपरवरून हात फिरवला, मग गुडघ्यावर बसून आतून बघितलं. पहिलं काय तपासलं तर मागचा लोखंडी बीम आणि बंपरचे कान, म्हणजे तो जिथे बॉडीला बसतो त्या जागा. "सर, धक्का झेलतंय ते हे लोखंड. बंपर म्हंजे नुसतं कातडं. लोखंड वाकलं असतं तर मीच तुम्हाला बदला म्हटलं असतं. ह्ये फाटलंय न्हवं, मोडलंय कुठं?"

मग त्यांनी बंपर काढला आणि आतल्या बाजूचा एक छोटा ठसा दाखवला. इतकी वर्षं गाडी चालवतोय, कधी पाहिला नव्हता. त्यावर 'पीपी + ईपीडीएम' असं होतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात मिसळलेलं रबर, म्हणून तो लवतो. आणि या प्लॅस्टिकला साधा डिंक धरतच नाही, म्हणून माझा प्रयोग फसला. याला वितळवून त्याच जातीच्या प्लॅस्टिकने जोडावं लागतं. त्यासाठी मामा भंगारातल्या बंपरच्या पट्ट्या कापून जात लिहून ठेवतात.

काम बघत तिथंच बसलो. आधी साबणाने धुणं, मग तेलकटपणा काढणं. हे घासण्याच्या आधी, कारण नंतर केलं तर तेल घासलेल्या चरांत बसतं. फाट जिथे संपते तिथे बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. हीट गनने ऊब देऊन वाकडी कड जागेवर आणली, समोरून ॲल्युमिनियमची टेप लावून दोन्ही कडा जुळवल्या. मग आतल्या बाजूने 'व्ही' आकाराची खाच पाडून त्यात पट्टी वितळवून भरली आणि वर तारेची जाळी गरम करून बसवली. "आतली बाजू दिसत न्हाई, पण ताकद तिथंच असती," मामा म्हणाले. बाहेरून पुन्हा भराई, मग आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०. लवणारी पुट्टी, प्लॅस्टिकचा खास प्रायमर, मग रंग. साधी पुट्टी भरली तर पहिल्याच धक्क्याला तडकते. स्वस्तातली कामं बिघडतात ती इथंच.

दीड दिवस. बिल ३,२०० रुपये. जवळून बघितलं तर रंगाचा किंचित फरक कळतो. मला चालतो.

मामांना विचारलं, हाताखाली कोण आहे? म्हणाले, "कोण न्हाई. पोरं म्हणत्यात, शोरूमला लागलो तर नुसतं खोलायचं आणि बसवायचं."

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला शिकवलंच ते आहे. पण प्रश्न मोठा आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. कागदावर हक्क आला. काउंटरवर मात्र अजून 'बदलायलाच लागतं' हेच ऐकू येतं.

सगळंच जोडावं असं मी म्हणत नाही. बीम वाकला असेल, कान तुटून गेले असतील, बंपरमागे रडार असेल, तर बदला. पण तो निर्णय गाडी खाली वाकून बघितल्यावर व्हावा.

माझ्या मागण्या दोनच. एक, प्रत्येक एस्टिमेटवर दोन रकाने हवेत: दुरुस्तीचा खर्च आणि बदलण्याचा खर्च. दुरुस्ती शक्य नसेल तर कारण लेखी द्यावं. कायदा येईल तेव्हा येईल, तोवर आपण सही करण्याआधी हे मागून घेऊ शकतो. दोन, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, शिवाय आधी सूचनेचा फलक आणि पांढरे पट्टे. वेशीवरचा तो उंचवटा मी टेपने मोजून आलोय: १७ सेंटिमीटर उंच, जेमतेम दीड मीटर रुंद. फोटोसह अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. अजून पट्टे आलेले नाहीत. आज माझा बंपर फाटला, उद्या तिथं दुचाकीवरचं कुणीतरी पडेल. त्याची दुरुस्ती कुठल्याच मामांना जमणार नाही.

तुमच्या गावात असा बिनपट्ट्यांचा स्पीडब्रेकर असेल तर मोजा, फोटो काढा, अर्ज द्या. आणि तुमच्या ओळखीत असे जोडणारे हात असतील तर गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. त्यांच्याकडे काम जायला हवं.