हौद उपसण्याआधी

अमरावती-अकोल्यात बंगल्यांपुढे आणि मंगल कार्यालयांच्या आवारात कमळाचे, रंगीत माशांचे हौद दिसतात. पाण्यात काही वळवळलं की मालक धास्तावतो आणि हौद उपसून, घासून पुन्हा भरतो. डासांच्या भीतीने केलेला हा खटाटोप डासांच्याच पथ्यावर पडतो. उबदार पाण्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याच्या अळ्या खाणारे किडे मात्र सावकाश वाढतात. मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, हा त्यांतला घाईचा. तरी त्याच्याही अळीला सहा-सात आठवडे लागतात आणि इतर कित्येक चतुरांना महिनोन्‌महिने. म्हणजे दरमहा उपसलेल्या हौदातून डासांच्या दोन-तीन पिढ्या उडून जातात, चतुराची एकही पुरी होत नाही. मुरलेल्या हौदात चतुराची अळी दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य धरते, तर उताणे पोहणारे पाणकिडे पृष्ठभागाखाली टपून असतात. डिप्लोनिकस हा पाणढेकूणही डासांच्या अळ्या फस्त करतो. त्याची मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवून मोकळी होते. पिल्लं निघेपर्यंत ओझं बापाकडे!

मासे असताना किडे कशाला, असं कोणी विचारील. डास आवरण्यासाठी गँबुसिया १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला, गप्पी त्याआधीच आला होता, आणि दोघेही अळ्या खातात हे खरं. पण कमळाची पानं आणि शेवाळ दाटलेल्या उथळ कडेला मासा सहज शिरत नाही, किडा शिरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे किडे माशांची पिल्लंही खातात. म्हणूनच मत्स्यबीज सोडण्यापूर्वी संगोपन तळ्यात हेक्टरी १८ किलो साबण आणि ५६ किलो खाद्यतेल यांचं मिश्रण टाकण्याची पद्धत आहे. तवंगामुळे हवा घ्यायला वर येणारे किडे गुदमरतात. गुदद्वाराआतल्या कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेणारी चतुराची अळी मात्र त्यातूनही वाचते. हा उपाय मत्स्यबीजाच्या धंद्याचा, शोभेच्या हौदाचा नव्हे. मोठ्या गोल्डफिशला या किड्यांचं भय नाही. पिल्लं हवीच असतील तर ती जाळी घातलेल्या वेगळ्या टबात वाढवावीत.

मग आरोग्य खातं आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, ते चूक का? अजिबात नाही. ते रांजण, टायर, कुंडीखालच्या ताटल्या आणि वऱ्हाडात घरोघरी असलेल्या कूलरसाठी आहे. एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला अंडी चिकटवते. ती महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. त्यामुळे कूलर नुसता रिकामा करून माळ्यावर टाकला तर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच पाण्याबरोबर अळ्या हजर. तिथे घासणं आवश्यकच. मासे आणि वनस्पती असलेल्या हौदाचं पाणी बदलावंच लागलं, तर एका वेळी तिसरा हिस्साच काढावा आणि तळचा गाळ राहू द्यावा, कारण अनेक चतुरांच्या अळ्या त्यातच असतात.