टोकदार कंसांतील ओवी

मराठीच्या अध्यापकांनी संगणकीय अक्षरजुळणीविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. संहितेचे काम आमचे आणि जुळणीचे काम छापखान्याचे, अशी वाटणी आपण सारेच मानत आलो आहोत. एका ओवीबद्ध आख्यानाची संहिता तीन पोथ्यांवरून सिद्ध करताना ही वाटणी आमच्यापुरती तरी मोडली. ती कशी मोडली, एवढेच येथे सांगायचे आहे.

या वाटेला आम्ही गेलो ते नाइलाजाने. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या एका मराठी फॉन्टमध्ये या संहितेची पहिली जुळणी झाली होती. पुढे तो फॉन्ट नव्या यंत्रावर चालेना आणि धारिकेत रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिखल उरला. त्याहून मोठी हानी वेगळीच होती. त्या धारिकेत पाठभेद म्हणजे केवळ बारीक टाइप होता आणि प्रक्षिप्त ओवी म्हणजे तिरपा टाइप. रूप जपले होते, पण ते कशासाठी दिले याची नोंद कोठेच नव्हती.

मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगावे, हा या दुखण्यावरचा उपाय. एक्सएमएल ही खुणांची पद्धत १९९८ मध्ये प्रमाणित झाली. मानव्यविद्यांतील संहितांसाठी अशा खुणा ठरविण्याचे काम ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ हा प्रकल्प १९८७ पासून करीत आहे. टोकदार कंसांत नाव लिहायचे. <ओवी> म्हणून उघडायचे आणि </ओवी> म्हणून मिटायचे. ही नावे देवनागरीत असण्यास मुभा आहे, हे कळल्यावर आमचा निम्मा संकोच गेला.

पण खुणा केलेली संहिता म्हणजे काही पुस्तक नव्हे. तिला पानाचे रूप देण्यासाठी आम्ही ‘टेक्’च्या कुळातील ‘कॉन्टेक्स्ट’ ही प्रणाली घेतली. ‘टेक्’चा जन्मही एका लेखकाच्या असमाधानातून झाला. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती आली. ती त्यांना इतकी विरूप वाटली, की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच रचायला घेतली. कला आणि कौशल्य या दोहोंसाठी ग्रीक भाषेत जो एकच शब्द आहे, त्यावरून तिचे नाव आले. तिचा प्राण म्हणजे ‘मॅक्रो’. एका नावामागे आज्ञांची मालिका बांधून ठेवायची. नाव आले की मालिका उलगडते. व्याकरणातील संज्ञा आणि तिच्या पोटातील नियम यांची सवय असलेल्यांना हे परके वाटू नये.

‘टेक्’ प्रत्येक चिन्हाला सोळांपैकी एक वर्ग देते. त्यामुळे एक्सएमएल वाचण्याची एक युक्ती अशी, की ‘<’ या चिन्हालाच ‘सक्रिय’ वर्गात टाकायचे. मग ते चिन्हच मॅक्रो होऊन पुढची खूण वाचू लागते. डेव्हिड कार्लाइल यांचे ‘एक्सएमएलटेक्’ याच मार्गाने जाते. हे वाचन कीर्तनातल्या श्रोत्यासारखे आहे. जे कानी पडेल ते घ्यायचे; पुढे काय येणार, ते ठाऊक नाही. हान्स हागेन यांच्या ‘कॉन्टेक्स्ट’ची नंतरची आवृत्ती मात्र आधी सगळी धारिका वाचून तिचा वृक्ष बांधते आणि मग कोणत्या फांदीवर कोणता मॅक्रो लावायचा ते ठरवते. सारी पोथी समोर ठेवून बसल्यासारखेच हे! ‘ब’ पोथीतील सर्व पाठ एकत्र काढून त्यांचे परिशिष्ट करणे त्यामुळे सोपे झाले.

खरी परीक्षा खुणा करतानाच झाली. दोन पोथ्यांत ‘मान’ आहे आणि तिसरीत ‘मन’. एका कान्याचा प्रश्न. हा लेखनिकाचा प्रमाद मानून <लेखनदोष> लिहावे, की <पाठभेद>? बारीक टाइपात दोन्ही सारखेच दिसत होते. येथे मात्र निवड टळत नाही.

त्याहून बिकट गाठ पुढे पडली. एक्सएमएलचा वृक्ष एका वेळी एकच उतरंड मानतो. एक खूण दुसरीच्या पोटात पूर्ण सामावली पाहिजे. अर्धी आत, अर्धी बाहेर चालत नाही. ओवीचे तसे नसते. ‘जैसे’ने सुरू झालेला दृष्टान्त तीन ओव्या ओलांडून चौथीत ‘तैसे’वर विसावतो आणि वाक्य त्याच ओवीच्या मध्यावर संपते. त्यात पोथीचे पत्र भलत्याच ठिकाणी उलटते. पत्रबदलासाठी रिकामी खूण पुरली, तिला पोट नसते. ओवी आणि वाक्य यांत मात्र एकाला अखंड ठेवून दुसऱ्याचे तुकडे करावे लागतात आणि ते क्रमांकांनी एकमेकांना जोडावे लागतात. लेखनिकांनी क्रमांक ओव्यांना दिले आहेत, म्हणून आम्ही ओवी अखंड ठेवली.

आपण वर्गात तरी दुसरे काय करतो? ओवी सुटी काढतो, तिचा अन्वय लावतो, पुढच्या ओवीकडे वळतो. वाक्य तुटते ते तेथेच. केवळ मॅक्रो बदलून आम्ही त्याच धारिकेची दुसरी प्रत काढली. तीत वाक्ये सलग ठेवली आणि ओव्यांचे क्रमांक समासात नेले. संहितेचे एक अक्षरही हलले नव्हते. तरी चार ओव्यांचा तो दृष्टान्त प्रथमच एका श्वासात वाचता आला. यमकांचा ताल त्या प्रतीत मंदावला, हेही खरे. दोन्ही प्रती आता आम्ही वर्गात शेजारी शेजारी ठेवतो.

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठशुद्धीची आपली परंपरा एवढी जुनी आहे. तिच्यात आम्ही भर घातली आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही. मात्र खुणेला गुणधर्म जोडता येतात: हा निर्णय कोणाचा आणि त्याची खात्री किती. त्या ‘मन’ला आम्ही अखेर पाठभेद म्हटले आणि पुढे लिहिले, खात्री="निम्न". छापील प्रतीत त्या शब्दावर एक लहानसे वर्तुळ दिसते. आमच्यानंतर ही संहिता उघडणाऱ्याने तेथे थांबून आमच्याशी वाद घालावा, यासाठीच ते आहे.