जेवणाच्या टेबलावर विचारलेला प्रश्न

बँकेत होतो तेव्हा सत्यम या आयटी कंपनीच्या संचालकांवर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. १६ डिसेंबर २००८ ला त्या मंडळानं प्रवर्तकांच्या घरच्या दोन मायटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदारांनी असा गहजब केला की काही तासांतच निर्णय फिरवावा लागला, आणि ७ जानेवारीला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याचं कबुलीपत्र आलं. मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते. ‘एवढी शिकलेली माणसं, आणि माना डोलावतात?’ असं मी कँटीनमध्ये चारचौघांत म्हणालो होतो.

निवृत्तीनंतर मीच शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीत स्वतंत्र संचालक झालो. पुढं ऑडिट कमिटीचा अध्यक्षही. कंपनी सुट्या भागांची, माणसं सभ्य, जेवण उत्तम.

एका तिमाहीच्या बैठकीत गोदामाचा विषय आला. चाकणचं गोदाम नऊ वर्षांच्या भाडेकरारावर घ्यायचं, मालक चेअरमनसाहेबांच्या जावयाची फर्म. म्हणजे सरळसरळ रिलेटेड पार्टीचा व्यवहार, आणि असा व्यवहार ऑडिट कमिटीपुढं यावा लागतो तो आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांनी तो खडूसपणे बघावा म्हणूनच. अजेंड्याचे कागद सात दिवस आधी आले होते. मी ते गाडीत वाचले, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. मूल्यांकन एकाच व्हॅल्युअरचं होतं आणि शेजारच्या एकाही गोदामाचा दर त्यात नव्हता. हे मला दिसलं, न दिसायला मी काही नवशिका नव्हतो. कर्जदाराच्या गोदामात शिरून पोती मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती.

पण बैठकीत मी गप्प बसलो. समोर चेअरमनसाहेब, शेजारी सीएफओ, आणि साडेअकराला पूर्ण मंडळाची बैठक. ‘मंजूर,’ म्हणालो. चार मिनिटं लागली असतील. मग जेवताना, श्रीखंड वाढून घेता घेता, चेअरमनसाहेबांना हळूच विचारलं, ‘भाडं जरा चढं नाही का?’ ते हसले. ‘साहेब, बाजारभावच आहे. आणि घरचीच जागा, उद्या कुणी उठवायला नको.’ माझं समाधान झालं. खरं तर समाधान मला करूनच घ्यायचं होतं.

पंधरा दिवसांच्या आत मिनिट्सचा मसुदा आला. दुरुस्ती सुचवायला सात दिवस असतात. मी भाचीच्या लग्नाला रत्नागिरीत होतो. मांडवातून फोनवर ‘ओके’ पाठवून दिलं. मसुद्यात लिहिलं होतं, ‘सविस्तर चर्चेनंतर एकमतानं मंजूर.’

पुढच्या वर्षीच्या वार्षिक सभेत एक वृद्ध भागधारक उभे राहिले. हातात अहवाल, त्यात पेन्सिलीच्या खुणा. ‘हे भाडं ठरवताना कमिटीनं काय तपासलं?’ अशा प्रश्नांना उत्तर द्यायला ऑडिट कमिटीच्या अध्यक्षानं सभेत हजर असावं लागतं. चेअरमनसाहेबांनी माईक माझ्याकडं सरकवला. मी ‘स्वतंत्र मूल्यांकन’, ‘सविस्तर चर्चा’ वगैरे बोललो. ते गृहस्थ म्हणाले, ‘चर्चेत कुणी काय विचारलं, ते सांगा ना.’ मी विचारलं होतं ते फक्त श्रीखंडाच्या वाटीशेजारी. ते सांगण्याजोगं नव्हतं. खाली बसलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुसरा व्हॅल्युअर नेमायला लावला तो त्यानंतर, म्हणजे लाज वाटल्यावर. त्यानं काढलेला दर खूपच कमी निघाला. करार बदलला, जादा भाडं परत आलं. लबाडी होती की नुसती घरगुती सैल वृत्ती, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या चुकीला त्यानं फरक पडत नाही.

स्वतंत्र संचालकांनी व्यवस्थापनाला बाहेर ठेवून वर्षातून एकदा तरी भेटायचं असतं. आमची ती भेट आधी चहा येईपर्यंतच चालायची. त्या वर्षी दीड तास चालली. तिथं कळलं की दुसऱ्या दोघांनाही भाडं खटकलं होतं. एक माझ्याकडं बघत होते, मी बोलतो का म्हणून. दुसऱ्यांनी जेवतानाच विचारलं होतं, पण सीएफओंना.

पुढच्या बैठकीत एका विषयावर मी हरकत घेतली. कंपनी सेक्रेटरी बाई लिहिता लिहिता थांबल्या. ‘सर, हे मिनिट्समध्ये घालायचं?’ सगळे माझ्याकडं बघत होते. ‘घाला,’ म्हणालो, पण घसा खाकरून.

पाच वर्षांची मुदत संपल्यावर दुसऱ्या मुदतीचा विषय कुणी काढला नाही.