बंक वर्गाचा प्रवासी

खिसा हलका असला की समुद्र फार मोठा होतो! कोचीहून लक्षद्वीपला विमान दीडेक तासात नेते. परवाना हाती पडल्यावर मी मात्र जहाजाचे बंक वर्गाचे तिकीट काढले आणि रात्रभर इंजिनाची धडधड उशाशी घेऊन निजलो. शेजारी इस्पितळातून घरी परतणाऱ्या एक आजीबाई. माझी ती सहल. त्यांची रोजची वाट. ३६ बेटे, वस्ती अवघ्या १० वर. मोठे दुखणे आले की समुद्र ओलांडायचा.

सकाळी कल्पेनीला जहाज प्रवाळखडकांबाहेरच थांबले. खाली होडी हेलकावत होती. खलाशाने खूण केली: लाट वर आली की पाऊल टाका! आजींनी डोळे मिटले. चार हातांनी त्यांना अलगद झेलले. मागोमाग मलाही.

काठावर त्यांचा नातू उभा होता. त्याने आजींचे गाठोडे घेतले आणि न विचारताच माझी पिशवीही उचलली.